मदत हवी आहे: पद्मिनीने सातारा ते गुहागर, डिकीत काय घ्यावं?

अजिंक्यतारा_पायथा

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. इग्निशन अजून पॉइंटचंच आहे (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), एसी पंप, म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल पंप, मूळचा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. जानेवारीत तीन दिवस गुहागरला जायचं आहे. माणसं चार, त्यात आई-वडील. रस्ता सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. परत त्याच रस्त्याने.

सध्या यादीत आहे: पान्यांचा पूर्ण संच, हेड गॅसकेट, कार्ब्युरेटर किट, ब्रेक लायनर, १० लिटर जादा पेट्रोल, फॅन बेल्ट, ५ लिटर पाणी, जंपर केबल, स्टेपनी, जॅक. डिकी एवढ्यानेच भरते आणि बॅगा राहतात. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यातलं काय काढू? काय राहिलंय? आणि ई२० पेट्रोलमुळे काही वेगळी तयारी लागते का?

कृष्णाकाठ

आधी काढायचं ते सांगतो. हेड गॅसकेट काढा. रस्त्याच्या कडेला हेड उतरवून, घासून, टॉर्कने बसवणं होत नाही. ते गेलं तर गाडी टेम्पोवरच येणार. लायनरही घरी ठेवा, ते निघण्याआधी बघायचं काम आहे. जादा पेट्रोल तर अजिबात नको. बंद डिकीत उन्हाने कॅन फुगतो, वाफ बाहेर पडते आणि डिकीच्या पुढेच मागचं सीट आहे. सातारा, पाटण, चिपळूण तिन्हीकडे पंप आहेत.

आता घ्यायचं. ही गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: करंट नाही, पेट्रोल नाही, पाणी नाही. त्या क्रमाने सामान लावा.

करंटसाठी सीबी पॉइंट, म्हणजे तेच इग्निशनचे पॉइंट, एक संच, कंडेन्सर दोन, रोटर एक, डिस्ट्रिब्युटर कॅप एक, प्लग दोन आणि एक कॉइल. कंडेन्सर दोन का? कारण हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर भरवशाचे नसतात. थंड असताना चालतात, तापले की गाडी मिसिंग करते आणि पॉइंट निळे-काळे पडतात. म्हणून घ्यायचा तो कंडेन्सर आधी गाडीत लावून ५०-६० किलोमीटर चालवा, मग काढून डबीत ठेवा. कॉइल आणि रोटरचंही तेच. न लावून पाहिलेला स्पेअर हा स्पेअर नव्हेच. रात्री घाटात तो बसत नाही किंवा चालत नाही, आणि मग दोष नक्की कुठे आहे हेही कळत नाही.

पॉइंट बसवताना नव्यावर तेलाचा थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसा, नाहीतर करंट येणार नाही. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पात्या, घ्याच. लुकास टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. चौथा गिअर टाकून गाडी थोडी ढकला, पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आली की मोजा. टाचेला चिमूटभर ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर टाच झिजते, गॅप कमी होते, टायमिंग मागे जातं आणि गाडी चढाला तापते. मग लोक रेडिएटरला दोष देत बसतात.

घाटवाट

वर सांगितलंय ते सगळं बरोबर. पेट्रोलची बाजू आणि ई२० बद्दल मी लिहितो.

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टाकीकडून येणाऱ्या लोखंडी नळीपासून एसी पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत जे रबरी तुकडे आहेत ते फुगतात, आतून सोलतात, मग बाहेरून भेगा पडतात. निघण्याआधी सगळे बदला. दुकानात नुसता 'पेट्रोल पाइप' मागू नका. एसएई जे३० आर९ (इंधनाच्या पाइपचं मानक) असं छापलेला पाइप मागा, जुना तुकडा मापाला सोबत न्या. अर्धा मीटर जादा आणि सहा क्लिप डब्यात टाका.

दुसरं, इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं. पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर तुंबतो. पारदर्शक इनलाइन फिल्टर दोन घ्या. एकाच जागी एक लावा, दुसरा राखीव. गाडी सपाटीला नीट चालते आणि चढाला ओढत नाही, उचक्या देते, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी फिल्टर बघा.

तिसरं आणि मोठं म्हणजे पंपाचा पडदा. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. रोज सकाळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा: ऑइल वर चढलेलं दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका, आधी पंप बदला आणि ऑइलही बदला. पातळ झालेल्या ऑइलवर घाट चढवला तर बेअरिंग जातात. म्हणून पडद्याचं किट नव्हे, अख्खा पंपच सोबत हवा, दोन्ही पॅकिंगसकट. पंप आणि ब्लॉकमध्ये जो जाड बेकलाइटचा ठोकळा असतो तो हरवू नका, आणि त्याच्या जागी भलत्या जाडीचं पॅकिंग लावू नका. पंपाच्या दांड्याचा स्ट्रोक त्या जाडीवर ठरतो. जाड झालं तर पेट्रोल कमी येतं, पातळ झालं तर दांडा घासतो.

पंप चालतो का हे बघायला: कॉइलची बारीक वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, एकाने सेल्फ मारायचा. टप्प्याटप्प्याने जोरात पिचकारी आली पाहिजे. नुसते थेंब आले तर पंप किंवा त्यामागचा फिल्टर.

कृष्णाकाठ

वेपर लॉकचं राहिलं. इथेनॉलमुळे तो त्रास वाढलाय. चढ चढून गाडी पाच-दहा मिनिटं चहाला थांबवली की पंपातलं पेट्रोल उकळतं आणि पुन्हा चालू होत नाही. दोन जुनी सुती फडकी ठेवा. ओलं करून पिळून पंपाच्या धातूच्या अंगावर आणि पाइपवर गुंडाळा, बॉनेट उघडं ठेवा, १५ मिनिटं थांबा. पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यावर थेट गार पाणी ओतू नका, तडकते. सेल्फ मारत राहू नका, बॅटरीच उतरेल.

अजिंक्यतारा_पायथा

खूप उपयोगी. रबरी तुकडे आणि फिल्टर या आठवड्यातच बदलतो. पाण्याचं मात्र नीट कळलं नाही. ५ लिटर पुरतं का? आणि घाटात तापमानाचा काटा वर गेला तर नेमकं काय करायचं?

कोयना_बॅकवॉटर

१० लिटर घ्या, पाच-पाचचे दोन कॅन. एक रेडिएटरला, एक हात धुवायला आणि फडक्याला. पण पाण्यापेक्षा होज, म्हणजे रेडिएटरचे रबरी पाइप, महत्त्वाचे आहेत. वरचा, खालचा आणि छोटा बायपास असे तिन्ही सोबत घ्या. बायपास बहुतेक जण विसरतात आणि फुटतो तोच, कारण तो हाताला लागत नाही म्हणून कुणी बदलत नाही. सहा क्लिप. फॅन बेल्ट एक, तोही आधी लावून बघितलेला. ताण असा की अंगठ्याने मध्यभागी दाबल्यावर १० ते १२ मि.मी. खाली गेला पाहिजे. जास्त ताणलात तर वॉटर पंपाचं बेअरिंग खातो.

चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि काटाही चढतोय, तर बेल्ट तुटलाय. तिथल्या तिथे थांबा, 'पुढच्या वळणापर्यंत' नको. दिवा नाही, फक्त काटा चढतोय, आणि पुढे ट्रक रांगतोय, तर रेडिएटरला हवा पुरत नाही. पद्मिनीचा फॅन इंजिनावरच फिरतो, इंजिन मंद असेल तर फॅनही मंद. दुसऱ्या गिअरवर या, इंजिन जरा पळतं ठेवा, तिसऱ्यात गुदमरवत चढवू नका. तरी चढलाच तर जागा बघून थांबा.

थांबल्यावर रेडिएटरची कॅप उघडायची नाही. किमान अर्धा तास. मग जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, नंतर काढा. पाणी भरताना इंजिन मंद चालू ठेवा आणि बारीक धारेने घाला. तापलेल्या ब्लॉकमध्ये एकदम गार पाणी गेलं की हेडला तडा जातो.

आणि कुंभार्लीला चढ नव्हे, उतार काळजीचा आहे. जाताना पोफळीकडे उतरायचं आहे, चार माणसं आणि भरलेली डिकी. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. ब्रेक धरून ठेवायचा नाही. थोडा जोरात दाबा, सोडा, ड्रमला गार व्हायला वेळ द्या. वास आला किंवा पॅडल लांब जायला लागलं तर बाजूला घेऊन थांबा. ड्रमवर पाणी मारू नका.

यासाठी डिकीत: डॉट ३ ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सील न फोडलेली बाटली. फोडलेली चालत नाही, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तापल्यावर ब्रेकमध्ये वाफ धरते. लाकडाचे दोन पाचर चाकामागे लावायला. हँडब्रेकवर उतारात विसंबू नका. आणि निघण्याआधी चारही ड्रम काढून व्हील सिलिंडरची (ड्रममधला ब्रेक दाबणारा भाग) रबरं उचलून बघा. आत ओल दिसली तर किट बदला. तुमचा मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब चाकांकडे पाठवणारा) सिंगल सर्किटचा असेल तर एका चाकाची गळती म्हणजे चारही ब्रेक गेले.

घाटवाट

हत्यारांचा पूर्ण संच नको, वजन उगाच. १०-११, १२-१३, १६-१७ आणि १८-१९ हे पाने, प्लगपाना, मोठा-छोटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर. बारा व्होल्टचा बल्ब, दोन वायरी आणि क्लिप लावलेला टेस्ट लॅम्प, तो मल्टिमीटरपेक्षा अंधारात लवकर कळतो. ८ अँपियरचे टोकदार सिरॅमिक फ्यूज सहा. दोन मीटर वायर, टेप. डोक्याला लावायची बॅटरी, कारण एक हात मोबाइलच्या उजेडात गुंतला तर पॉइंट बसत नाहीत.

बाइंडिंग वायर आणि मिसळ स्प्लिट पिन नक्की घ्या. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्यांचा बुश किंवा पिन पडली की गिअर अडकतो, आणि दुरुस्ती वायरच्या एका वेढ्यात होते.

टायरची ट्यूब एक सोबत ठेवा. ५.२०-१४ माप गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. स्टेपनीवरचा चार आकडी कोड बघा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते. जॅकखाली एक फूट बाय एक फूट जाड फळी हवी, रस्त्याकडेची माती मऊ असते. बॉडीचा जॅक पॉइंट गंजलेला असेल तर जॅक पत्र्यातून वर जातो, म्हणून बाटली जॅक घ्या आणि मागे अ‍ॅक्सलखाली लावा.

अग्निशामक कुणीच लिहिला नाही. एबीसी पावडरचा १ किलोचा, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा, डिकीत अजिबात नको. पेट्रोल गळून भडका उडाला तर डिकी उघडायला वेळ नसतो. बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून मारायचं.

अजिंक्यतारा_पायथा

एवढं सगळं बसेल का, हाच प्रश्न राहिला.

कृष्णाकाठ

बसतं. स्पेअर सगळे एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकाभोवती कागद, वर काय आहे ते लिहून. जड सामान, म्हणजे पाणी, जॅक, पाने, हे मागच्या सीटला टेकून तळाशी, बॅगा वर नकोत, शेजारी. सगळं वजन डिकीच्या टोकाला गेलं की मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, पुढचे दिवे वर उठतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातात. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५० एक लिटर, तेवढ्यात बसेल.

आरसी, विमा आणि पीयूसीच्या तारखा आजच बघा. आरसीची मुदत संपलेली असेल तर जानेवारीआधी नूतनीकरणाला वेळ लागेल.

अजिंक्यतारा_पायथा

आरसीची मुदत आहे, पीयूसी संपतेय, करून घेतो. रविवारी कंडेन्सर आणि कॉइल लावून उंब्रजपर्यंत जाऊन येतो.

कोयना_बॅकवॉटर

उंब्रज सपाट आहे, करंट आणि बेल्ट कळेल, तापणं कळणार नाही. यवतेश्वरचा घाट चढा, वर दहा मिनिटं गाडी बंद करून उभी करा आणि मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर पंप आणि पाइप ठीक आहेत. उतरून आल्यावर चारही ड्रमना हात न लावता, तो नुसता जवळ धरून बघा. एकच जास्त तापलेला असेल तर त्या चाकाचा सिलिंडर अडकतोय.

अजिंक्यतारा_पायथा

यवतेश्वरच करतो. काय निघालं ते इथे लिहीन.