पुलाखालची कुटुंबं हटवणार म्हणतात : वॉर्ड ऑफिसकडे नेमकं काय मागायचं?

पूलसोबती : मुंबईत पश्चिम उपनगरात एका उड्डाणपुलाखाली दहा-बारा कुटुंबं राहतात. कुणी नाक्यावर बिगारी, कुणी सिग्नलला गजरे विकतं. वॉर्ड ऑफिसमधून तोंडी निरोप आलाय, आठवड्याभरात जागा मोकळी करा आणि निवारा केंद्रात जा. बांधकामं पाडण्याबाबतच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालाप्रमाणे १५ दिवसांची नोटीस मागता येईल का? आणि केंद्रात अख्खं कुटुंब एकत्र राहू देतात का?

कलम३१४ : त्या निकालावर विसंबू नका. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालातच म्हटलंय की रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही. तुमच्या कामाचा निकाल १९८५ चा, मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवण्याबद्दलचा ओल्गा टेलिस खटल्यातला. फूटपाथवर राहण्याचा हक्क त्याने दिलेला नाही. महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मधला विनानोटीस हटवण्याचा अधिकारही कोर्टाने कायम ठेवला, पण तो अपवाद म्हणून वापरायचा, एरवी लोकांचं म्हणणं ऐकायचं, असं बजावलं. तेव्हा सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. लेखी नोटीस आणि सुनावणी मागा. सोबत यादी जोडा: प्रत्येकाचं नाव, वय, काम, मुलांची शाळा. तोंडी निरोपाला लेखी उत्तर गेलं की फाइल तयार होते, आणि पुढे सगळं त्या फाइलवर चालतं.

रात्रनिवारा : केंद्रांचं बोलतो. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने दर लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारं केंद्र असा निकष घालून दिला. २०११ च्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येला म्हणजे सुमारे १२५ केंद्रं. प्रत्येकी १०० माणसं धरली तरी साडेबारा हजार, आणि त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर ५७ हजारांवर. निकष पूर्ण पाळला तरी बहुतेक लोक बाहेरच राहतात, हे अधिकाऱ्यांसमोर मांडलंच पाहिजे.

२०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत माणशी ५० चौरस फूट जागा, स्वयंपाकाची सोय आणि कुटुंबांसाठी वेगळी केंद्रं होती. प्रत्यक्षात बरीच केंद्रं फक्त पुरुषांची किंवा फक्त मुलांची असतात. बाप एकीकडे, आई-लेकरं दुसरीकडे झाली की कुटुंब दोन दिवसांत पुलाखाली परततं, आणि अहवालात ‘लोक निवारा नाकारतात’ असं लिहिलं जातं. नाका दूर पडला तरी तेच. पहाटेची मजुरी हुकते. म्हणून अर्जात तीन गोष्टी विचारा: कुटुंबांचं केंद्र कुठलं, आज तिथे किती जागा रिकाम्या, सामान ठेवायला कुलपाची पेटी मिळते का. शक्य तर आधी दोघांना पाठवून केंद्र दिवसाही उघडं असतं का ते पाहून घ्या.

शिक्काआवक : कारवाईच्या दिवशी सगळ्यात मोठं नुकसान कागदांचं होतं. पथक भांडी, गोधड्या, पिशव्या एकत्र डंपरमध्ये टाकतं, त्यातच आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले जातात. आजच सगळ्यांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात अंगावरच ठेवायला सांगा. सामान उचललंच तर जागेवर यादी करून सही मागा. गजरेवाल्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो: जप्त मालाची सही केलेली यादी मिळायलाच हवी, आणि फुलांसारखा नाशवंत माल दावा केल्यास त्याच दिवशी परत.

ज्यांचं आधार हरवलंय त्यांनी नवी नोंदणी करू नये, बोटांचे ठसे जुळून ती नाकारली जाते. आधार केंद्रावर जुना क्रमांक शोधून घ्यायचा. कधीच नसेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याची मुदत तीन महिने. शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर नसेल किंवा तारखेत खाडाखोड असेल तर परत पाठवतात.

पूलसोबती : आभार. मतदार नोंदणीला पत्त्याचं काय करायचं?

शिक्काआवक : नमुना ६ मध्ये झोपण्याची जागाच लिहा, ‘अमुक पुलाखाली, खांब क्रमांक तमुक’. बेघरांना पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री येऊन माणूस तिथेच झोपतो का ते पाहतो. त्यामुळे हटवण्याआधीच अर्ज भरा.