मदत हवी आहे: उद्याची टाइमशेअरची मीटिंग कशी टाळायची?

केतकी (गुरुवार, संध्या. ७.४०)
पटकन उत्तर हवं आहे. सुट्टीवर आलो आहोत. रिसॉर्टवाल्यांनी उद्या सकाळी नऊला टाइमशेअरची (रिसॉर्टमधला दरवर्षीचा मुक्काम आधीच विकत घ्यायचा, त्याची) मीटिंग ठेवली आहे आणि खोलीवर सारखे फोन येतायत की यावंच लागेल. नाही गेलो तर दंड लावू शकतात का? खोलीचं भाडं वाढवू शकतात का? दादा म्हणतो जाऊन येऊ, दीड तासाचा तर प्रश्न आहे. मला त्या हॉलमध्ये परत पाऊल टाकायचं नाही. टाइमशेअर चांगलं की वाईट हे कृपया सांगत बसू नका, फक्त उद्या कसं सुटायचं ते सांगा.

भटका८२
जाऊ नका. दीड तास म्हणतात आणि दुपार होते, हा स्वानुभव. पहिला माणूस गोड असतो. मुलांची नावं विचारतो, मागच्या सुट्टीला किती खर्च झाला ते मोठ्या आकड्यात कागदावर लिहितो आणि त्याला वीस वर्षांनी गुणतो. तो कागद तुमच्याकडे तोंड करून ठेवतो. नाही म्हणालात की 'मॅनेजर' येतो आणि किंमत उतरते. त्यालाही नाही म्हणालात की दाराशी तिसरा उभा असतो, 'फक्त अभिप्राय हवाय' म्हणतो आणि छोटं ट्रायल पॅकेज पुढे करतो.

जावंच लागलं तर एक पक्कं धरा, कारण द्यायचं नाही. पैसे नाहीत म्हणालात की हप्ते काढतात. वेळ नाही म्हणालात तर पॉइंट (मुक्कामाच्या बदल्यात वापरायचे) पुढच्या वर्षी वापरा म्हणतात. विचार करून सांगतो म्हणालात तर ऑफर आजचीच असते. 'नको, धन्यवाद' एवढंच म्हणत राहा, त्यात त्यांना पकडायला काही सापडत नाही.

शमा
त्यापेक्षा सरळ सांगा की नोकरी गेली. किंवा नवरा आजारी आहे, खोलीतून उठू शकत नाही. नवराबायको दोघं हजर असल्याशिवाय त्यांना मीटिंग नकोच असते, कारण एकटा माणूस 'घरी विचारतो' म्हणून निसटतो.

भटका८२
शमाताई, खोटं कशाला? एक खोटं सांगितलं की त्यावर चार प्रश्न येतात आणि आपणच अडकतो. नाही म्हणायला आजारपण लागत नाही.

शमा
तुम्हाला जमतं, सगळ्यांना जमत नाही. माझ्या सासूबाईंना समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणताच येत नाही. अशा माणसांनी काय करायचं?

वाटसरू
आधी माहिती द्या. कोणता देश? बुकिंग सवलतीत केलं होतं का, आणि त्या सवलतीच्या अटींत मीटिंगला हजर राहणं होतं का? तसं असेल तर न गेल्यास पूर्ण भाडं लावू शकतात. अट नसेल तर काहीही करू शकत नाहीत. बुकिंगची ईमेल उघडून बघा.

केतकी
ऑर्लँडो, फ्लोरिडा. सवलत होती, पण ती मीटिंग आम्ही शनिवारी केली, तो विषय संपला. उद्याची वेगळी आहे, 'ओनर्स अपडेट' म्हणतात. म्हणूनच विचारतेय की ही सक्तीची कशी?

उमा_का
ओनर म्हणजे मालक, केतकी. तुमच्यापैकी कुणी शनिवारी सही केली का?

केतकी
हो, दादा-वहिनींनी. पण तो प्रश्न वेगळा आहे. वहिनीला ते नकोच होतं, आता दादालाही नको झालंय. सेल्सवाला म्हणाला की रद्द करायचं असेल तर उद्याच्या मीटिंगमध्ये निवांत बोलू. म्हणून तर दादा जायचं म्हणतो. नाहीतर घरी पोचल्यावर ते दोघं बघतील. माझा प्रश्न उद्याचा आहे.

उमा_का
नाही, प्रश्न हाच आहे. उद्याची मीटिंग बाजूला ठेवा आणि हे दादाला आत्ताच्या आत्ता वाचायला द्या.

फ्लोरिडात टाइमशेअरचा करार कोणतंही कारण न देता, कोणताही दंड न भरता रद्द करता येतो. त्याला मुदत आहे १० कॅलेंडर दिवसांची. सही केल्याची तारीख किंवा शेवटचा आवश्यक कागद हातात पडल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिथून मोजायची. कायदा तिथल्या स्टॅट्यूटच्या, म्हणजे राज्याच्या कायदेसंग्रहाच्या, ७२१ व्या प्रकरणात आहे. शनिवारी सही आणि कागदही तेव्हाच मिळाले असं धरलं तर येत्या मंगळवारी मुदत संपते. रविवारही त्यात मोजला जातो. घरी गेल्यावर बघू म्हणाल तर हातात काही उरणार नाही.

आणि मीटिंगमध्ये बोलून करार रद्द होत नाही. लेखी कळवावं लागतं. तिथे 'पॉइंट वाढवून देतो', 'हप्ता कमी करतो' असं म्हणून नवीन कागदावर सही घेतील.

नीलकंठ
माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेत तीनच दिवसांत रद्द करता येतं. शनिवारची सही म्हणजे मुदत गेली. उगाच आशा लावू नका, वकील गाठा.

रानवारा
तीन नाही, चौदा दिवस असतात. आम्ही स्पेनमध्ये असंच रद्द केलं होतं. मुदत संपेपर्यंत ते आगाऊ पैसेसुद्धा घेऊ शकत नाहीत. तेव्हा घाई करू नका, सुट्टी नीट घालवा आणि मग पत्र लिहा.

उमा_का
रानवारा, कृपया असं लिहू नका, कुणी वाचून थांबलं तर मुदत हुकेल. चौदा दिवस हा युरोपीय संघाचा २००८ चा नियम आहे. आगाऊ पैशांवरची बंदीही त्यातलीच. तो फ्लोरिडात चालत नाही.

नीलकंठ, तुम्ही म्हणता तो तीन दिवसांचा नियम फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा आहे. विक्रेता घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी माल विकतो त्यासाठी तो आहे, स्थावर मालमत्तेला लागू नाही. टाइमशेअरची मुदत ज्या त्या राज्याच्या कायद्यात असते. फ्लोरिडात १०, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. म्हणून देश आणि राज्य कळल्याशिवाय आकडा सांगू नये.

नीलकंठ
ठीक, राज्यांचं मला माहीत नव्हतं. तरी वकील दाखवाच.

वाटसरू
वकील मिळेपर्यंत मंगळवार उजाडेल. एका वाक्याच्या पत्राला वकील लागत नाही.

ऐसपैस
सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मुलं लहान असल्यापासून आमच्याकडे टाइमशेअर आहे आणि आम्ही ते दरवर्षी वापरतो. स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं घर, मुलांना ओळखीची जागा. एक्स्चेंजमधून, म्हणजे आपला आठवडा दुसऱ्या रिसॉर्टशी बदलून, दुसरीकडेही जाऊन आलो. दादांनी पूर्ण विचार न करता रद्द करू नये. वर्षातून एक आठवडा ठरवून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला ते परवडतं.

भटका८२
तुम्ही कंपनीकडून घेतलंत की दुसऱ्या मालकाकडून?

ऐसपैस
दुसऱ्या मालकाकडून. त्यांना देखभाल शुल्क झेपत नव्हतं.

भटका८२
मग तुमचं गणितच वेगळं आहे. कंपनी विकते त्या किमतीत त्या हॉलचा, भेटवस्तूंचा, सेल्सवाल्यांच्या कमिशनचा खर्च असतो. तोच आठवडा विकायला काढला की लोक नाममात्र एका डॉलरला जाहिरात देतात आणि तरी गिऱ्हाईक मिळत नाही. देखभाल शुल्क मात्र वापरा न वापरा, दरवर्षी येतं आणि वाढतं. दादांना हवंच असेल तर आज रद्द करून नंतर तुमच्यासारखं घेता येईल.

ऐसपैस
हे मान्य. कंपनीकडून मीही घेतलं नसतं.

मुशाफिर
या कामासाठी खास कंपन्या आहेत. फी आधी भरायची, ते तुमची टाइमशेअरमधून सुटका करतात. नंबर व्यनि करू का?

उमा_का
नको. मुदतीच्या आत जे काम टपालखर्चात होतं त्यासाठी कुणालाही फी द्यायची नाही. आधी पैसे मागणाऱ्या अशा सुटका-कंपन्यांबद्दल फेडरल ट्रेड कमिशननेच सावध केलंय.

अनघ
थोडं अवांतर. काकांनी भारतातल्या एका क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप घेतली आहे. हव्या त्या तारखा कधीच मिळत नाहीत आणि वार्षिक शुल्क मात्र वाढतंय. त्यांना हे १० दिवस लागू होतील का?

वाटसरू
नाही. भारतात करारात लिहिली असेल तीच मुदत, आणि ती त्यांची गेली असणार. पण बुकिंग नाकारल्याच्या ईमेल जपून ठेवा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे काका राहतात तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, इथे केतकीला घाई आहे.

केतकी (रात्री १०.२०)
दादाने सगळं वाचलं. फोल्डर काढलाय, चुंबकाचं झाकण असलेली जाडजूड पेटी आहे. वर रिसॉर्टची रंगीत पुस्तकं, पॉइंटांचे तक्ते, करार खाली. रद्द करण्याबद्दलचा मजकूर करारात दोघांच्या सह्यांच्या लगेच वरती आहे, ठळक अक्षरांत. १० दिवसच लिहिलेत. शनिवारी सेल्सवाल्याने ते पान उलटून फक्त सहीची जागा बोटाने दाखवली होती, वहिनीला पक्कं आठवतंय. पत्ता दिलाय पण तो या रिसॉर्टचा नाही, दुसऱ्याच शहरातला आहे. मग पत्र इथे रिसेप्शनवर देऊ की त्या पत्त्यावर पाठवू? ईमेल चालेल का?

उमा_का
करारात छापलेल्या पत्त्यावरच. रिसेप्शनवर अजिबात देऊ नका, तिथून ते कुठेही 'हरवू' शकतं. करारात ईमेल किंवा फॅक्स दिला असेल तर त्यावरही पाठवा, पण टपालाला पर्याय म्हणून नाही.

पत्र छोटं ठेवा. दोघांची नावं करारात आहेत तशीच, करार क्रमांक, सहीची तारीख, रिसॉर्टचं नाव आणि एक वाक्य: 'आम्ही हा करार रद्द करत आहोत, भरलेली सर्व रक्कम परत करावी.' कारण लिहू नका. करारावर जेवढ्या सह्या आहेत तेवढ्या सगळ्यांनी सही करायची, एकट्या दादाच्या सहीवर विसंबू नका. उद्या सकाळी पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची नोंद आणि पावती मिळणारं टपाल), पोचपावती मागून पाठवा. पत्राचा, पाकिटाचा आणि पावतीचा फोटो काढा. सूचना पाठवल्याच्या तारखेपासून धरतात, त्यांच्या हाती पडल्याच्या नाही, म्हणून शिक्क्याची तारीख महत्त्वाची. तरी मंगळवारपर्यंत थांबू नका.

'हक्क सोडला' अशा एखाद्या कागदावर शनिवारी सही घेतली असेल तरी घाबरू नका, फ्लोरिडात ते चालत नाही.

शमा
आणि सही केल्याबद्दल काही भेटवस्तू दिली असेल तर वापरू नका. परत मागतील, जशीच्या तशी देता येईल.

केतकी (शुक्रवार, दु. १२.०५)
पोस्ट उघडायच्या आधीच आम्ही दाराशी होतो. दोघांच्या सह्या करून पत्र गेलं, पावती मिळाली, फोटो काढले. मीटिंगला गेलो नाही. सव्वानऊला खोलीवर फोन आला. दादाने 'येत नाही, धन्यवाद' एवढंच सांगितलं. तर ते म्हणाले, न आल्यास पॉइंट चालू होणार नाहीत. दंडाचं नावही काढलं नाही. भटका८२, उमाताई, वाटसरू, मनापासून आभार.

वाटसरू
छान झालं. आता त्यांचा माणूस 'रद्द का करताय' म्हणून फोन करेल. बोलत बसू नका, लेखी कळवलंय म्हणून ठेवून द्या. फोन करणाऱ्याचं नाव आणि वेळ मात्र टिपून ठेवा.

भटका८२
एक राहिलं. शनिवारी पहिली रक्कम कशी भरली? स्वतःच्या कार्डावर, की टेबलवरच नवीन क्रेडिट कार्ड काढून दिलं?

केतकी
वहिनी म्हणतेय टॅबवर एक फॉर्म भरून घेतला होता आणि लगेच मंजूर झालं म्हणाले. ते कार्ड होतं का? फोल्डरमध्ये बँकेचा एक कागद आहे, तो आम्ही पत्रात लिहिलेला नाही.

भटका८२
बहुधा कार्डच. करार रद्द झाला तरी बँकेचं खातं आपोआप बंद होत नाही. त्या कागदावरच्या नंबरला वहिनींनी स्वतः फोन करून सांगायचं की टाइमशेअरचा करार रद्द केलाय, रक्कम परत जमा झाली की खातं बंद करा. तोवर दर महिन्याचं स्टेटमेंट बघायचं. रक्कम आली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि पोस्टाच्या पावतीची प्रत जोडायची.

केतकी
वहिनी फोनवर आहे, बँकेने होल्डवर ठेवलंय. बोलणं झालं की इथे लिहिते.