काळूच्या डोळ्याबद्दल

अनघा (ए-१०३): नमस्कार. गेटवरच्या काळू कुत्र्याचा डावा डोळा कालपासून अर्धवट मिटलेला आहे, सारखं पाणी येतंय. शिवाय दोन्ही डोळे निळसर दिसतात. काही नैसर्गिक, घरगुती उपाय आहे का? लगेच औषधांचा मारा नको वाटतो.

देशपांडे आजोबा (सी-४०१): गुलाबपाणी घालून बघ. नाहीतर मधाचा एक थेंब. आमच्या गावी गुरांच्या डोळ्यांत घालायचे.

मेधाकाकू (बी-२०२): आजोबा, तुमचा शब्द मोडायचा नाही, पण कृपा करून डोळ्यात काही घालू नका 🙏 आमचा कुत्रा चिकू असाच डोळा मिटून बसला होता. मी दोन दिवस गुलाबपाणी घातलं, मग घरात पडून असलेले जुने ड्रॉप्स. त्यात स्टेरॉइड होतं आणि चिकूच्या बुबुळावर जखम होती. स्टेरॉइडने तसली जखम भरत नाही, खोल जाते. डॉक्टरांनी डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात दाखवलं तेव्हा जखम हिरवी चमकत होती. डोळा वाचला, पण पांढरा डाग राहिला तो कायमचा. अजूनही त्याच्याकडे बघताना मला वाईट वाटतं.

अनघा (ए-१०३): बापरे. आणि तो निळसरपणा?

मेधाकाकू (बी-२०२): काळू नऊ-दहा वर्षांचा तरी असेल ना? सातच्या पुढे कुत्र्यांच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, तशी झाक येते. त्यांना बहुतेक नीट दिसत असतं. मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो. मात्र एकाच डोळ्यावर अचानक निळं सावट आलं तर थांबायचं नाही.

रोहित (ए-३०४): काकू, मग घरी करायचं तरी काय? आमच्या शित्झू जातीच्या कुत्र्याच्या डोळ्यांखाली कायम ओलं असतं.

मेधाकाकू (बी-२०२): उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापूस. दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे, नाकाकडून बाहेर पुसायचं, मग कोरडं करायचं. डोळ्यांत जाणारे केस ग्रूमरकडून कापून घे. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) वापर, मान आवळली की डोळ्यातला दाब वाढतो आणि शित्झूसारख्या जातींचे डोळे आधीच पुढे आलेले. खाण्यात उकडलेलं गाजर, लाल भोपळा, अंडं चालतं. गाजरापासून कुत्र्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. पण द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत, मूत्रपिंडं जातात. चिकट, पिवळट चिपडं यायला लागली तर डॉक्टरांकडून अश्रू मोजून घे. पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली म्हणजे डोळा कोरडा पडतोय.

देशपांडे आजोबा (सी-४०१): काळूच्या कानामागे गोचिडंही दिसली मला.

मेधाकाकू (बी-२०२): बरं सांगितलंत. गोचीडतापातसुद्धा डोळे आतून सुजतात. डॉक्टरांना हे नक्की सांगायला हवं. अनघा, उद्यावर टाकू नकोस, आजच ने. त्याला डोळा चोळू देऊ नका.

अनघा (ए-१०३): संध्याकाळी ६ ला गाडी काढते. वॉचमनकाकांना सोबत घेते, त्यांच्याशिवाय तो गाडीत चढणार नाही.

—

अनघा (ए-१०३), रात्री ९:४०: आलो. तिसऱ्या पापणीच्या (कुत्र्यांना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असते ती) मागे गवताचं कुसळ अडकलं होतं! भूल देणारे थेंब घालून काढलं. बुबुळावर ओरखडा आहे, पण वरवरचा. गोचीडतापासाठी रक्त घेतलंय, रिपोर्ट उद्या. डोळा चोळू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातलाय, कृपया कोणी काढू नका. औषधाचे थेंब दिवसातून ४ वेळा, आठवडाभर. सकाळी ७ आणि रात्री ९ ला मी घालीन. दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ ला कोणी घरी असतं का?

देशपांडे आजोबा (सी-४०१): दोन्ही वेळा मी. उद्या सकाळी ७ ला खाली येतो, कसे घालायचे ते एकदा दाखव.