मिसळ आणि मसाला हे शब्द एकाच मुळातले आहेत काय?

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये मिसळीची कोणतीही चर्चा अखेरीस काळ्या मसाल्यापाशी येते. अशाच एका चर्चेत आमच्या घरातील ज्येष्ठांनी ठामपणे सांगितले की, जिन्नस मिसळून तयार होतो म्हणून तो मसाला. ध्वनिसाम्य पाहता हे पटण्यासारखे आहे. परंतु मग फटाक्यात भरायच्या दारूलाही मसाला का म्हणतात, आणि आपल्याकडे गवंडी ज्याला नुसते ‘माल’ म्हणतात त्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला उत्तरेकडून आलेले कारागीर मसाला का म्हणतात, याचा उलगडा होत नाही. हे अर्थ स्वयंपाकघरातून बाहेर गेले, की बाहेरून आत आले? शिवाय गोडा मसाला गोड नसताना गोडा कसा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

मोडीप्रेमी:
मिसळ हा शब्द संस्कृत ‘मिश्र’पासून प्राकृत ‘मिस्स’ या रूपावाटे आपल्याकडे आला आहे. मसाला मूळचा अरबी असून दोहोंतील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. अरबीत ‘मस्लहत’ म्हणजे हिताची गोष्ट आणि ‘मसालिह’ हे तिचे अनेकवचन. फारसी-उर्दूत या अनेकवचनाला ‘एखाद्या कामासाठी लागणारे जिन्नस, साहित्य’ असा अर्थ आला. गंमत अशी की त्याच शब्दाचे एकवचन मराठीत ‘मसलत’ होऊन राहिले आहे, म्हणजे कारभाऱ्यांची मसलत आणि आमटीतला मसाला ही सख्खी भावंडे ठरतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. गंधक, सोरा आणि कोळसा हे दारूचे साहित्य, चुना आणि वाळू हे बांधकामाचे साहित्य, तसेच धने, लवंग, दालचिनी हे स्वयंपाकाचे साहित्य. त्यामुळे दारूचा किंवा भिंतीचा मसाला हे आलंकारिक प्रयोग नव्हेत. तिथे शब्दाचा जुना, व्यापक अर्थ टिकला आहे आणि स्वयंपाकघरात तो आक्रसला आहे. ‘मसालेदार बातमी’ आणि ‘मसालापट’ हे मात्र नंतरचे अलंकार, आणि ते खरोखरच स्वयंपाकघरातून निघालेले आहेत.

आणखी एक अर्थ आज पुरता विसरला गेला आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘मसाला’ म्हणजे सरकारी बोलावणे किंवा तगादा घेऊन आलेल्या शिपायाचा खर्च. तो ज्याच्याकडे शिपाई पाठवला त्याच्याकडूनच वसूल केला जाई, त्यामुळे जुन्या कागदात ‘मसाला घेतला’ असे दिसले तर तिथे जेवणाचा संबंध शोधू नये.

गंगापूर रोडवरून:
गोड्याविषयी लिहितो. मराठीत ‘गोडा’ म्हणजे साखरेचा असे नव्हे. गोडे पाणी खारे नसते, गोडे तेल खाण्याजोगे असते आणि गोडे वरण तिखटावाचून केलेले असते. धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर यांचा हा मसाला मिरचीच्या जोरावर उभा नसतो, म्हणून तो गोडा. पुण्याकडील काही घरांत मात्र यालाच काळा मसाला म्हणतात, आणि नाशिकचा माणूस तिथे मिसळीसाठी काळा मसाला मागून बसला तर फसगत ठरलेली. आपल्याकडचा काळा मसाला तिखट, कांदा आणि खोबरे गडद होईपर्यंत भाजून केलेला असतो. एकाच नावाच्या दोन पुड्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत, हे दुकानदारांनी पाटीवर लिहायला हवे.

मूळचा परभणीचा:
मोडीप्रेमींच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. ‘साहित्य’ या अर्थाकडून ‘मसाला’ या अर्थाकडे होणारा हा प्रवास केवळ अरबी शब्दाचा नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेली सामग्री, यज्ञाचीसुद्धा. त्याच्याशी नाते सांगणारा ‘सांबार’ हा शब्द विदर्भात आज कोथिंबिरीसाठी वापरतात. अमरकोशात मसाल्याला ‘वेसवार’ आणि ‘उपस्कर’ असे दोन शब्द एकत्र दिले आहेत, आणि ‘उपस्कर’ म्हणजे घरातील साधनसामग्रीही होते. यांतील वेसवार देशस्थ घरांत त्याच नावाने टिकला आहे, तर मराठवाड्यातील ‘येसर’ हे माझ्या मते त्याचेच घासलेले रूप आहे. येसर म्हणजे धान्ये आणि डाळी भाजून मसाल्यासह दळलेले पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीत सोडले की आमटी आपोआप दाट होते आणि वेगळे वाटण करावे लागत नाही.