सेलेनियम: यीस्टवालं की साधं? गाई विणार आहेत, लवकर सांगा

शिंगदोरी: चार गाई महिन्याभरात विणार आहेत. मागच्या वेताला दोघींची वार (वासरानंतर पडणारी झार) अडकली, एकीचा ताप आठ दिवस हटला नाही. पशुवैद्य म्हणाले सेलेनियम द्या. दोन प्रकार मिळतायत, साधं म्हणजे सोडियम सेलेनाइट आणि सेलेनियम यीस्ट. यीस्ट बरंच महाग आहे. फरक पडतो का? हो की नाही एवढंच सांगा, आजच आणायचंय.

कासरा: खनिज मिश्रण देता का? त्यात सेलेनियम किती आहे? गाई खातात काय? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगू?

हिरवळ: डोळे झाकून यीस्ट घ्या. आमच्याकडे तीन वर्षं तेच आहे, एकदाही वार अडकली नाही. साधं सेलेनियम पोटातले जंतू वाया घालवतात, सगळं शेणात जातं.

प्रयोगवही: सगळं नाही जात. रवंथ करणाऱ्या जनावरात सेलेनाइटचा काही भाग जंतू न विरघळणाऱ्या रूपात बदलतात, तेवढाच शेणावाटे जातो. जे शोषलं जातं त्यातून ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम व्यवस्थित बनतं. वार सुटायला ज्या पांढऱ्या पेशी लागतात त्यांना आधार याच एन्झाइमचा. यीस्टमध्ये मुख्यतः सेलेनोमिथिओनिन असतं. शरीर ते साधं मिथिओनिन, म्हणजे प्रथिनांचा नेहमीचा घटक, समजून स्नायूंच्या आणि दुधाच्या प्रथिनांत बसवतं. म्हणून यीस्ट दिल्यावर दुधातलं सेलेनियम झपाट्याने चढतं. पण दुधात चढलं म्हणून वार तेवढी लवकर पडेल, असं नाही. यीस्टचा जास्तीचा फायदा वासराला.

हिरवळ: मग वासराचा फायदा सोडायचा का? आमची दोन वासरं मागच्या पायांनी लुळी पडून गेली, पांढऱ्या स्नायूंचा आजार निघाला. यीस्ट सुरू केल्यापासून एकही नाही.

प्रयोगवही: वासरं गेली हे वाईटच झालं. पण यीस्टच्या आधी काय देत होता?

हिरवळ: काहीच नाही.

प्रयोगवही: मग गुण सेलेनियमचा आला. यीस्टचा की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पहाटपाळी: डबे राहू द्या. विण्याआधी तीन आठवडे ई जीवनसत्त्व-सेलेनियमचं इंजेक्शन टोचून घ्या, विषय संपला.

कासरा: खाण्यातून किती जातंय ते न बघता वरून टोचायचं? सेलेनियम जास्त झालं तर खूर आणि केस जातात, एकदम फार गेलं तर जनावर दगावतं.

खुराडा: माझ्या कोंबड्यांना यीस्ट दिलं तर अंड्यातही उतरेल का?

प्रयोगवही: उतरेल, सेलेनाइटपेक्षा जास्त. पण कोंबड्यांसाठी वेगळा धागा काढा ना ताई.

शिंगदोरी: अहो, मी दोनांतलं एक विचारलं होतं! खनिज मिश्रण सगळेच देतात म्हणून लिहिलं नाही. पिशवीवर किलोला ३० मिलीग्राम सेलेनियम लिहिलंय, गाईला रोज १०० ग्रॅम देतो. गाई आटवल्यापासून बंद आहे, दूधच नाही तर कशाला द्यायचं? आता नुसता वाळका चारा आणि थोडी पेंड.

कासरा: दादा, हेच तर पहिल्यांदा विचारलं होतं! गरज नेमकी आत्ता आहे. पोटातलं वासरू शेवटच्या दोन महिन्यांतच झपाट्याने वाढतं, आणि तेव्हाच तुम्ही पिशवी बांधून ठेवलीत.

प्रयोगवही: हिशेब बघा. गाईला किलोभर शुष्क पदार्थामागे (पाणी वगळून उरणारं खाद्य) ०.३ मिलीग्राम सेलेनियम लागतं. आटवलेली गाय रोज १० किलो शुष्क पदार्थ खात असेल, तर झाले ३ मिलीग्राम. तुमच्या १०० ग्रॅममध्ये तेवढंच आहे. मिश्रण परत चालू करा, दोन्ही डबे नकोत. आटवलेल्या गाईंसाठी वेगळं मिश्रण मिळालं तर उत्तम, कॅल्शियम त्यात कमी असतं. वर यीस्ट दिलंत तर २००० पीपीएमच्या (किलोमागे २००० मिलीग्राम सेलेनियम) यीस्टचे दीड ग्रॅमच आणखी ३ मिलीग्राम घालतील. युरोपात खाद्यातल्या एकूण सेलेनियमला किलोमागे ०.५ मिलीग्रामची मर्यादा आहे आणि सेंद्रिय रूपातून, म्हणजे यीस्टसारख्यातून, ०.२ च्या वर घालता येत नाही. आणखी एक, वाळक्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व फार उरत नाही. वार अडकण्यात त्याचाही हात असतो, पशुवैद्यांना ते आवर्जून विचारा.

हिरवळ: पाण्यात गंधक जास्त असेल तर साधं सेलेनियम आणखी कमी लागू पडतं. मी अजूनही यीस्टच म्हणेन.

प्रयोगवही: गंधकाचं बरोबर आहे. पाणी तपासलंय का, शिंगदोरी?

शिंगदोरी: नाही तपासलं. मिश्रण आज संध्याकाळपासूनच चालू करतो. पण चौघींतली एक कास धरायला लागलीय, आठ-दहा दिवसांत विणेल. तिला इतक्या थोड्या दिवसांत काय लागू पडणार?

पहाटपाळी: म्हणून तर इंजेक्शन म्हणत होतो.

कासरा: त्या एकीसाठी पटतं. पण मात्रा पशुवैद्यच ठरवतील. मिश्रण किती दिवस बंद होतं आणि आज काय चालू केलं, हे त्यांना आधी सांगा. आणि टोचण्याआधी रक्त काढून घ्या. नुसता सीरम (गोठल्यावर वर उरणारं पाणी) नको, अख्खं रक्त पाठवा, त्यात मागच्या काही महिन्यांचं कळतं.

शिंगदोरी: फोन केला. सकाळी येतायत.