तीन मुलं, तीन इयत्ता, एक आई: घरचा अभ्यास इयत्तावार आखायचा की सगळ्यांचा एकत्र?

पागोळी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी पुण्याहून गुहागर तालुक्यात राहायला आलो आणि या जूनपासून तिन्ही मुलं घरीच शिकतायत. थोरली बारा वर्षांची, मधला आठचा, धाकटा पाचचा. शाळेतून का काढलं हा वेगळा विषय आहे, त्यावर सासरी, माहेरी आणि एसटीत शेजारच्या सीटवरच्या काकूंशीसुद्धा बोलून झालंय, तो इथे प्लीज नको. (माहितीये, तुम्ही काढणारच.)

प्रश्न आखणीचा आहे. मी आधी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेतली, सातवीची, तिसरीची, आणि एक्सेलमध्ये रंगीत खाने करून टाइमटेबल बनवलं, तिघांचे मिळून दिवसाला सतरा पिरियड. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी थोरलीला ऋण गुणिले ऋण धन का होतं ते समजावत होते, मधला शुद्धलेखनाची वही घेऊन ताटकळलेला, आणि तेवढ्यात धाकट्याने तांदळाच्या डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. मी लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवला.

मग उलटं करून बघितलं. तिघांना एकच विषय, पाऊस. अंगणात एक उंच सरळ बरणी, तिच्यावर नरसाळं, रोज सकाळी आठला माप. मधला पट्टी लावून मिलिमीटर मोजतो आणि तक्ता भरतो, धाकटा आज जास्त की काल जास्त ते सांगतो आणि होड्या सोडतो, थोरली आलेख काढते. आत्तापर्यंतचा रेकॉर्ड एका दिवसात २१२ मिमी! महसूलवाल्यांच्या भाषेत ६५ मिमी झाला की अतिवृष्टी, म्हणजे आमच्याकडे तिप्पट. मग थोरलीने बाबाला विचारून २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा काढला, ९४४ मिमी, आणि दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीला खडूने रेघ मारली. धाकट्याला तिथे उभं केलं तर रेघ त्याच्या खांद्याच्या जराशी वर. तो दोन दिवस येताजाता त्या रेघेला पाठ लावून उभा राहत होता.

मजा येतेय, पण रात्री झोप लागत नाही की थोरलीचं सातवीचं राहतंय का. अनुभवी लोकांनी सांगा.

तिरपागडा
चहाचा निर्णय अचूक. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ताळेबंद
राहतंयच. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पाऊस वगैरे तिसरीच्या मुलाला उत्तम. सातवीच्या मुलीला आलेख काढायला लावून तुम्ही तिला तिसरीच्या वर्गात बसवलंय, फक्त पेन्सिल मोठी दिलीये. सातवीत परिमेय संख्या, बैजिक राशी, घातांक हे सगळं एकावर एक चढत जातं, यातलं एक कच्चं राहिलं की आठवी नववीत समीकरणात छेद आला की मूल पेन खाली ठेवतं, माझ्या भाच्याचं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तो तर रोज शाळेत जाणारा. उद्या परीक्षा कुठूनही द्या, पेपरात पागोळ्यांवर प्रश्न येत नाही. इयत्तावार करा, पिरियड सतराचे सात करा.

खडू_फळा
मी झेडपीत एकवीस वर्षं आहे, त्यातली चौदा द्विशिक्षकी शाळेत. पहिली ते चौथी, चार वर्ग, मी आणि एक बाई, आणि बाई ट्रेनिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्या की मी एकटा. त्यामुळे ताईंचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हे आम्ही वर्षानुवर्षं करतोय, फक्त त्याला होमस्कूलिंग कुणी म्हणत नाही, बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्याचे पगारात जास्तीचे पैसे मिळत नाहीत.

सांगायचं म्हणजे इयत्तावार की एकत्र हा वादच चुकीचा आहे. गणित आणि वाचन ज्याचं त्याचं. परिसर अभ्यास, गोष्ट, गाणी, कार्यानुभव सगळ्यांचं एकत्र. फळ्याच्या मध्ये रेघ मारायची, डावीकडे तिसरीची उदाहरणं लिहून द्यायची, ती सोडवेपर्यंत चौथीला शिकवायचं, मग पाटी तपासायला परत डावीकडे. म्हणजे एका वेळी एकालाच शिकवायचं आणि बाकीच्यांच्या हाताला स्वतःचं स्वतः होईल असं काम हवं. तुमचं टाइमटेबल पिरियड जास्त होते म्हणून नाही कोसळलं, तिघांनाही एकाच वेळी आई लागत होती म्हणून कोसळलं. पाच वर्षांच्याला आधी द्या, सकाळी पहिली वीस मिनिटं पूर्ण त्याची. त्याचं पोट भरलं की तो तांदळाच्या डब्याकडे जात नाही.

आणि कान उघडे असतात हे विसरू नका. माझ्याकडे पहिलीतला एक पोरगा चौथीचे पाढे ऐकून ऐकून सतराच्या पाढ्यापर्यंत गेला होता, स्वतःचं नाव लिहिताना मात्र काना विसरायचा.
मोठ्यांना गटप्रमुख करा, लहानांचं वाचन त्यांनी घ्यायचं. त्यांचीही उजळणी होते.

शेंडेफळाची_ताई
गुरुजींचं बाकी सगळं पटलं पण शेवटच्या दोन ओळींवर थांबले. मी चार भावंडांत थोरली. आई शिवणकाम करायची आणि आम्ही सगळे शाळेत जायचो तरी संध्याकाळी तिघांचा अभ्यास माझ्याकडे. सगळे म्हणायचे किती समंजस मुलगी. दहावीला बसले तेव्हा मला भावाचं सहावीचं पुस्तक माझ्या पुस्तकापेक्षा जास्त पाठ होतं. शाळेत निदान पाच तास मी कुणाची ताई नव्हते. पागोळीताई, तुमच्या पोस्टमध्ये तिघांचं काम लिहिलंय, त्यात थोरली किती वेळ धाकट्याला सांभाळते ते नाही लिहिलं.

खडू_फळा
ताई, मान्य. वर्गातला गटप्रमुख दर आठवड्याला बदलतो. घरात थोरली बदलत नाही, हे माझ्या डोक्यात नाही आलं.

ऑल्बनीकर
इकडचं थोडं सांगते. न्यूयॉर्क राज्यात घरी शिकवायचं तर दरवर्षी प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी प्लॅन शाळा जिल्ह्याला द्यावा लागतो, मग तिमाही रिपोर्ट, आणि तास ठरलेले, पहिली ते सहावी वर्षाला ९०० आणि सातवीपासून ९९०. मला दोन मुलं आहेत आणि पहिल्या वर्षी हे सगळं जाच वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या रिपोर्टमुळेच मला फेब्रुवारीत कळलं की धाकटीचं लिहिणं चार महिने जवळजवळ झालंच नव्हतं, आम्ही नुसतं बोलत होतो. शिकवलं एकत्र तरी नोंद वेगळी ठेवा एवढंच म्हणेन. प्रत्येकाची एक वही, आठवड्याला पाच ओळी. तास मोजू नका, तास मोजून काहीच कळत नाही.

वडाची_पारंबी
विषय नको म्हणालात तरी काढतेय. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम १० प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. अमेरिकेत पन्नासच्या पन्नास राज्यांत कायदेशीर असेल, आपल्याकडे तसं स्पष्ट कुठे लिहिलंय? आणि तुमच्यासारखे शिकलेले पालक शाळेतून बाहेर पडतात तेव्हा त्या शाळेत तक्रार करणारं कुणी उरत नाही. गावची शाळा पट कमी म्हणून बंद पडली की मग आपणच हळहळतो.

पागोळी
@वडाची_पारंबी, कर्तव्य लिहिलंय पण त्या कायद्यात पालकांना शिक्षा कुठेच नाहीये, म्हणजे धड परवानगी नाही आणि धड बंदी नाही, हे वाचूनच निर्णय घेतला. पटाचं मात्र मनाला लागलं. आणि शाळेबाहेरचं शिक्षण हे काही परदेशी फॅड नाही हो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला शाळाच पाड्यावर घेऊन गेल्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

वडाची_पारंबी
त्यांनी शाळा न मिळणाऱ्या मुलांपर्यंत शाळा नेली. तुम्ही शाळा मिळालेली मुलं घरी आणलीत. दाखला उलटा लागतोय ताई.

ताळेबंद
+१. आणि दहावीचं काय ठरवलंय ते कुणीच विचारलं नाही अजून.

टीएमए_पीडित
मी आठवीपासून घरी शिकलो, एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, दहावी बारावी, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीला वय चौदा पूर्ण लागतं, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी. २० टक्के मार्क घरून लिहायच्या असाइनमेंटचे, त्यालाच टीएमए म्हणतात, नावावरून कळलंच असेल. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य बोर्डाची दहावी बाहेरून देता येते पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तर तो जपून ठेवा, लॅमिनेट करू नका.

ताळेबंद काका अर्धे बरोबर आहेत. माझी आई प्रोजेक्टवाली होती. विज्ञान इतिहास मस्त झालं, पण बीजगणित राहिलं आणि ते मी सोळाव्या वर्षी आठ महिने रडतखडत भरून काढलं. मुंबईची ती घरी शिकलेली मुलगी, मालविका जोशी, प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडची पदकं घेऊन २०१६ ला एमआयटीत गेली, तिचं उदाहरण प्रत्येक होमस्कूलिंगच्या गप्पांत येतं, माझ्या आईनेही मला ते पुष्कळ ऐकवलंय. पण तिला इथल्या आयआयटीत जाता आलं नव्हतं कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं, ते लोक अर्धवट सांगतात.

पागोळी
सगळे प्रतिसाद थोरलीला वाचायला दिले. शेंडेफळाची_ताई यांचा तिने दोनदा वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं की तिला सकाळी नऊ ते साडेदहा माडीवर एकटीला बसायचंय आणि धाकट्याने जिना चढायचा नाही. मान्य केलं. त्या वेळात गणित, पुस्तकाप्रमाणे, क्रमाने. ताळेबंद, तुमचा विजय. बाकीचा दिवस एकत्र.

खडू_फळा
छान. एक विचारायचं राहिलं. नरसाळ्याचं तोंड बरणीएवढंच आहे ना? मोठं असेल तर २१२ खोटे आहेत.

पागोळी
अरे देवा. नरसाळं १० सेंमी, बरणी आतून ८ सेंमी. थोरली आधी म्हणाली दहाचे आठ करायचे, मग स्वतःच म्हणाली नाही, पाणी तोंडाच्या रेघेवर नाही, सगळ्या गोलावर पडतं. आठवीच्या पुस्तकातलं वर्तुळाचं क्षेत्रफळ उघडून बसली. १०० भागिले ६४. आमचे २१२ आता १३५.७ झाले आणि मधला चिडलाय, त्याला पूर्ण महिन्याचा तक्ता परत लिहावा लागतोय.

ताळेबंद
हा एक धडा झाला, मान्य. आता बैजिक राशींचा पाऊस कुठे पडतो तेवढं सांगा.

तिरपागडा
पॉपकॉर्न संपले. कुणी बरणी देता का.