बोटीचं मागचं सीट मोडलं होतं... तुम्ही काय काय दुरुस्त केलंय? लिहा

तळ्याकाठी
काल गॅरेजमध्ये वॉटर स्कीच्या (बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायचं ते) बोटीवरचं कव्हर काढलं आणि ओल्या लाकडाचा वास आला, एकदम २०१४ चा जुलै आठवला. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात. बोट सेकंडहँड, इंजिन मधोमध असतं ना त्यातली, मागचं सीट म्हणजे सलग बाक. बाबा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेले. लेक स्की करून वर चढली, ओल्या अंगाने धपकन बसली आणि खाली कडाक! वरून रेक्झिनला एक चीर नाही, पण सीट उलटं केलं तर प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा बोटाने सुटतोय. पाणी शिलाईच्या भोकांतून आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते, वर्षानुवर्षं तसंच मुरतं.

नवीन सीटचा भाव ऐकून गप्प घरी आलो. बाबा म्हणाले, त्यात काय एवढं. जन्मभर दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, बसच्या सीटा हाताखालून गेलेल्या. म्हणाले जुनी फळी टाकू नकोस, तोच आपला नकाशा. कुजके तुकडे नव्या मरीन प्लायवर जुळवून भोवती पेन्सिल फिरवली. जुन्या स्टेपल पकडीने एकेक उपटून स्टीलच्या वाटीत, लेकीने मोजल्या, ३८६! कडांना आणि स्क्रूच्या भोकांत आतूनसुद्धा इपॉक्सी (वाळून कडक होणारा, पाणी न शिरू देणारा लेप), पाणी जायला खाली भोकं, नव्या स्टेपल स्टेनलेसच्या. रेक्झिन उन्हात तापवून मऊ केलं, मग मधे एक स्टेपल, समोर एक, दोन्ही बाजूंना, कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्यावरची प्रत्येक चुणी बाबा अंगठ्याने दाबत बसले होते, अंगठा लाल झाला तरी. २०१९ ला गेले ते. काल भीतभीत मागचं सीट उचलून बघितलं, फळी टणक आहे. वास पुढच्या सीटचा होता.

स्वातीपुणे
वाचून डोळ्यात पाणी आलं. आजोळी सांगलीला दर मे महिन्यात लाल डब्याने जायचो आम्ही, कोण जाणे त्यातली एखादी सीट बाबांच्याच हातची असेल. आमच्याकडे सासऱ्यांची आरामखुर्ची आहे कापड फाटलेली, टाकवत नाही. कुकर झाला, येते नंतर

मालवणकर७१
आमच्याकडे बोटी वॉटर स्पोर्टच्या, खारं पाणी, म्हणजे तुमच्यापेक्षा डबल त्रास. बिजागऱ्या पयल्या जातात. साध्या लोखंडी स्क्रूला गंज सुटला की भोक मोठं होतं, मग सीट डुलायला लागतं आणि मग फळी मोडते, लोक उगाच फळीला दोष देतात. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्या. ३०३ वाला किचनला ठीक, बोटीला नको. सीझन संपला की सीटा काढून माळ्यावर उभ्या ठेवतो, आडव्या नाही

अटलांटावाला
लेक लेनियरवर आमची पण अशीच, पण मी फोमच्या पायात दोनदा काम केलं. पहिल्या वेळी वाटलं पाणी जाऊच नये म्हणून फोम प्लास्टिकमधे घट्ट गुंडाळला, शिलाईतून पाणी शिरायचं ते शिरलंच आणि आत कोंडून राहिलं, दोन वर्षांत काळी बुरशी. बायकोला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे फार वाईट वाटलं. नंतर नवा फोम, खाली भोकं, आणि तळ्यावरून आलो की सगळी सीटं उभी करून ठेवतो. आणि घराच्या डेकसाठी मिळतं ते ट्रीटेड लाकूड (कुजू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवलेलं) स्वस्त म्हणून वापरू नका, त्यातल्या तांब्याने साध्या स्टेपल खाऊन टाकल्या

निशिगंध
वॉटर स्की तुमच्या मिनेसोटातच सुरू झालं ना? मुलाच्या क्विझमधे होतं

तळ्याकाठी
हो, १९२२, लेक सिटी गाव, लेक पेपिनवर. राल्फ सॅम्युएलसन, १८ वर्षांचा मुलगा. आधी पिंपाच्या फळ्या लावून बघितल्या, मग बर्फातल्या स्की, जमेना. शेवटी पाइनच्या फळ्या आणून त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली. बाबांना मी हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, टोकं वाकलेली राहावीत म्हणून बांधून ठेवली होती का, किती दिवस.

स्वातीपुणे
आले. सुताराचं डोकं! त्या खुर्चीला कापड कुठलं लावू, खादी टिकेल का?

मालवणकर७१
ताई ताडपत्रीवाल्याकडे जाडा कॅनव्हास मागा, आणि शिवायला धागा पॉलिस्टरचा. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, शिलाई उसवली की कापड चांगलं असून उपयोग नाही

स्वातीपुणे
लक्ष्मी रोडला मिळेल का

निशिगंध
रविवार पेठेत बघा

अटलांटावाला
तळ्याकाठी, पाण्याची भोकं किती इंची पाडली होती? परवा पुढचं सीट काढतोय

तळ्याकाठी
अर्धा इंच, सहा. आधी थोडी मोठी पाडायची, कडेला इपॉक्सी लावून आत घट्ट होऊ द्यायचं, म्हणजे उरतं ते अर्धा इंच. मी पण शनिवारी पुढचंच काढणार. लेक येतेय कॉलेजातून, म्हणाली स्टेपल मी उपटणार, वाटी कुठेय बाबा. वाटी आहे, गॅरेजच्या फळीवर.